मॅम टॉरला बायकोला घेऊन जायचंय, गुडघ्याचा त्रास आहे, वाट कशी आहे?

मुलुंडचा_भटक्या

नमस्कार मंडळी. मी मुलुंडचा, मागच्या वर्षी बँकेतून रिटायर झालो. मुलगा मँचेस्टरला असतो, मे महिन्यात आम्ही दोघं तीन आठवडे त्याच्याकडे चाललोय. व्हिसा आलाय, तिकिटं झालीयेत. लंडन वगैरे मुलगा-सून दाखवतीलच, मला विचारायचंय ते वेगळंच.

मी कॉलेजपासून सह्याद्रीत फिरतोय. शनिवारी रात्री शेवटची कसारा पकडायची आणि रविवारी रात्री उशिरा घरी, हे पस्तीस वर्षं केलं. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने दोनदा, अलंग-मदन-कुलंग, रतनगड, कळसूबाई तर किती वेळा ते मोजलंच नाही. बायको कधीच आली नाही. तिला यायचं नव्हतं असं नाही, आधी मुलगा लहान, मग माझ्या आईचं आजारपण नऊ वर्षं, रविवारी घरात कोणीतरी लागायचंच आणि ते कोणीतरी म्हणजे कायम तीच. पहाटे उठून भाकऱ्या करून द्यायची, दारापर्यंत यायची. हे लिहिताना जड जातंय पण जे आहे ते आहे.

आता ती ६१ची आहे. उजव्या गुडघ्याची झीज झालीय, डॉक्टर म्हणतात चाला भरपूर पण उतरताना जपा. मागच्या आठवड्यात मुलाने व्हिडिओ कॉलवर मॅम टॉर नावाच्या तिकडच्या एका डोंगराचा फोटो दाखवला, हिरवीगार डोंगरधार आणि तिच्यावरून लांबपर्यंत गेलेली दगडी वाट. मी काही बोलायच्या आत ही म्हणाली, "इथे मी येणार. आणि गाडीने वरपर्यंत नाही, खालून चालत." तेव्हापासून रोज सकाळी कालिदासच्या बाजूच्या बागेत पाऊण तास चालतेय.

तर कोणी गेलंय का? चढ कसा आहे, उतरायला काय आहे, मे महिन्यात थंडी किती, गाईड किंवा परवानगी लागते का? मला माझी काळजी नाही, तिला पहिल्याच डोंगरावर त्रास झाला असं नको व्हायला. जरा सविस्तर सांगा.

---

परळ_ते_शेफिल्ड

काका, मी सहा वर्षं शेफिल्डला होतो, आता परत परळला आलोय. मॅम टॉर आमच्या घरापासून जवळ, त्यामुळे पाऊस असो बर्फ असो महिन्यातून एकदा तरी व्हायचाच. तुमची पोस्ट वाचून लगेच लिहायला बसलो.

परवानगी नाही, तिकीट नाही, गाईड नाही. उंची ५१७ मीटर म्हणजे तुमच्या कळसूबाईच्या (१६४६) तिसऱ्या हिश्श्याहून कमी, आणि ज्या एडेल गावातून चढायचं ते गावच अडीचशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे खरी चढाई पावणेतीनशे मीटर धरा. रॉकपॅच नाही, शिडी नाही, हात टेकायला लागत नाहीत. काकूंना जमेल. पण वाट नीट निवडा, कारण सगळे सांगतात ती गोल वाट (डोंगरापलीकडच्या कॅसलटन गावाहून चढून परत कॅसलटनला उतरायची) गुडघेदुखीवाल्यांसाठी नाही, त्यात सगळा मार उतरताना बसतो.

माझा प्लॅन असा की चढायचं जास्त आणि उतरायचं कमी. मँचेस्टर पिकॅडिलीहून शेफिल्डकडे जाणारी स्लो गाडी पकडा, एडेलला पाऊण तासात उतराल. फास्ट गाडी एडेलला थांबत नाही हे मुलाला आधी बघायला सांगा, तासाभरात एखादीच गाडी असते. एडेलला उतरलं की बहुतेक लोक उत्तरेला किंडर स्काउटकडे जातात, तुम्ही दक्षिणेला वळा. नो नावाची एक लहानशी नदी आहे, ती ओलांडायची आणि शेतांमधून वर चढत हॉलिन्स क्रॉस नावाच्या खिंडीत यायचं. चढ सुरुवातीला सौम्य, शेवटचा टप्पा जरा उभा, तिथे दहा पावलं चाला आणि थांबा. मागे वळून बघितलं की एडेलचं अख्खं खोरं दिसतं, त्यामुळे थांबायला निमित्तही आहे.

ही खिंड जुनी आहे बरं. एडेलला स्वतःचं चर्च नव्हतं तेव्हा गावातलं कोणी गेलं की खांद्यावर शवपेटी घेऊन लोक याच वाटेने पलीकडे जायचे. आता तिथे दगडाचा एक गोल चौथरा आहे, त्यावर बसून चहा प्या. तिथून उजवीकडे वळलं की धार सुरू, सगळी फरसबंद, दोन्हीकडे खोरी, आणि समोर मॅम टॉरचा माथा.

माथ्यावर सिमेंटचा एक खांब दिसेल, सर्व्हेवाल्यांचा. १९३६पासून त्यांनी ब्रिटनभर असे हजारो खांब बांधले, एका डोंगरावरून दुसरा दिसेल अशा हिशोबाने. माथ्याच्या कडेने जो मातीचा उंचवटा फिरलेला दिसेल ना, त्याच्याकडे दुर्लक्ष करू नका, ती तटबंदी आहे! तीनेक हजार वर्षांपूर्वी इथे वस्ती होती, घरांसाठी सपाट केलेल्या जागा शंभराहून जास्त सापडल्यात. म्हणजे काकूंचा पहिला डोंगर हा किल्लाच आहे.

आणि आता महत्त्वाचं. माथ्यावरून परत एडेलला उतरू नका. पश्चिमेला मॅम निक म्हणून खिंड आहे, तिथपर्यंत गाडीरस्ता येतो, उतार शंभरेक मीटरचा आणि तोही दगडी पायऱ्यांचा. मुलाला किंवा सुनेला गाडी घेऊन तिथे यायला सांगा. पार्किंग खिंडीखाली आहे, शनिवार-रविवारी सकाळीच भरतं, म्हणून वीकडे बघा. मे महिन्यात दोन सोमवार बँक हॉलिडे असतात ते तर टाळाच.

वेळेचा हिशोब तिकडचे लोक नेस्मिथच्या नियमाने करतात, १८९२चा नियम आहे, ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. त्याप्रमाणे तुमची वाट दीड तासाची. तुम्ही सरळ तीन-साडेतीन तास धरा. अंधाराची भीती नाही, मे महिन्यात नऊ वाजेपर्यंत उजेड असतो.

थंडीपेक्षा वाऱ्याचा विचार करा. आपला पावसाळी पोंचो अजिबात नेऊ नका, धारेवर तो शिडासारखा फुगतो आणि माणसाला ओढतो, छत्रीचं तर नावच काढू नका. अंगाला बसणारं वॉटरप्रूफ जॅकेट, आत एक पातळ फ्लीस, कानटोपी. जीन्स नको, भिजली की दिवसभर सुकत नाही. काकूंसाठी दोन ट्रेकिंग पोल, एक नाही दोन, उतरताना जरा लांब करायचे. टॉयलेट एडेल स्टेशनजवळ आहे, डोंगरावर कुठेच नाही.

---

आमसूल

वरच्या दादांनी सगळं छान सांगितलंय, मी फक्त आमच्यावर जे बेतलं ते सांगते कारण ते काकांच्या कामाचं आहे.

ऑक्टोबरमध्ये गेलो होतो, मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई ६७च्या, बोरिवलीला रोज नॅशनल पार्कात चालणाऱ्या, त्यामुळे चालायची चिंता नव्हती. गाडी कॅसलटनला लावली, वर गेलो, माथ्यावर ऊन होतं, फोटो काढले, सगळं मस्त. परत हॉलिन्स क्रॉसला यायला निघालो आणि वीस मिनिटांत ढग असे उतरले की पुढे चाललेल्या नवऱ्याचं लाल जॅकेट मला दिसेना. माळशेजला पावसाळ्यात होतं ना तसं, पण तिथे आपल्याला रस्ता माहीत असतो. खिंडीत पोचलो तर वाटा चार बाजूंना. फोनवर नकाशा होता पण थंडीने फोनची बॅटरी ३० टक्क्यांवरून धाडकन बंद पडली, नवऱ्याचा फोन गाडीत चार्जिंगला. उजवीकडे कॅसलटन आणि डावीकडे एडेल, आम्ही डावीकडे उतरलो. सगळं उतरून खाली आल्यावर रेल्वेचे रूळ दिसले तेव्हा कळलं की डोंगराच्या चुकीच्या बाजूला आलोय, गाडी पलीकडे.

सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत पण त्यांची बोटं पांढरी पडली होती, मला अजून ती बोटं आठवतात. त्यांचे हातमोजे लोकरीचे, घरी विणलेले, पूर्ण भिजले होते. मी त्यांचे हात माझ्या जॅकेटच्या आत घेऊन स्टेशनवर बसले आणि नवरा टॅक्सी शोधायला गेला. ती यायला तास लागला. एका चहाच्या टपरीची किंमत त्या दिवशी कळली.

म्हणून काका, कागदी नकाशा घ्या. ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी कव्हरचा, डार्क पीकचा. ४ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, प्रत्येक पायवाट हिरव्या तुटक रेषेने दाखवलेली, प्रत्येक कुंपणसुद्धा दाखवलंय. आणि होकायंत्र. तुम्ही सह्याद्रीतले, तुम्हाला शिकवायला नको, पण मुलगा म्हणेल फोन आहे की, त्याचं ऐकू नका. फोन आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा म्हणजे बॅटरी टिकते. हातमोजे वॉटरप्रूफ, आणि एक जोड जास्तीचा.

शिट्टी पण ठेवा. अडचण आली तर मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. फोन लागत असेल तर ९९९ फिरवून आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू, थेट ॲम्ब्युलन्स मागितली तर डोंगरावर कोण पोचणार यात वेळ जातो. रेस्क्यूवाले सगळे स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत.

---

दगडधोंडे

माथ्यावर गेलात की पूर्वेच्या कड्याच्या अगदी टोकाशी जाऊ नका आणि तिथून खाली बघितल्याशिवायही येऊ नका. सांगतो का ते. मी भूगोल शिकवायचो, त्यामुळे थोडं लांबेल.

मॅम टॉरला तिकडे थरथरता डोंगर म्हणतात. या डोंगरात वाळूच्या दगडाचे थर आहेत आणि त्यांच्यामध्ये आणि खाली शेल, म्हणजे चिखलाचा झालेला पापुद्र्यापापुद्र्याचा दगड. पाणी वाळूच्या दगडातून झिरपतं, खाली शेलपाशी येतं, शेल मऊ पडतो आणि वरचं सगळं ओझं घेऊन उतार सरकतो. हजारो वर्षांपासून सरकतोय आणि आजही थांबलेला नाही, ओल्या हिवाळ्यानंतर जास्त. त्याच उतारावरून एकोणिसाव्या शतकात मँचेस्टर-शेफिल्ड वाहतुकीचा रस्ता काढला होता, पुढे त्याला ए-६२५ म्हणायचे. दर काही वर्षांनी रस्ता खचायचा, हे परत डांबर टाकायचे, परत खचायचा. शेवटी १९७९मध्ये नाद सोडला आणि रस्ता कायमचा बंद केला.

तो रस्ता अजून तिथेच आहे. मी गेलो तेव्हा कॅसलटनच्या बाजूने मुद्दाम त्यावरून चाललो. मधली पांढरी रेघ दिसते, ती एका ठिकाणी तुटते आणि पुढचा तुकडा माणसाच्या उंचीने खाली. तुटलेल्या कडेला डांबराचे थर मोजता येतात, एकावर एक, झाडाच्या खोडातल्या वर्षांसारखे, प्रत्येक थर म्हणजे एकेकदा केलेला प्रयत्न. मी तिथे बराच वेळ बसलो होतो. डोक्यात इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ची ती रात्र. इर्शाळगडाला जाताना त्या वाडीत आपण किती जणांनी पाणी प्यायलंय, पोह्यांची ऑर्डर दिलीय. त्याआधी २०१४ला माळीण. आपला दगड वेगळा, काळा पाषाण, पण वरची माती आणि मुरूम पाण्याने गच्च झाले की उतार तसाच सुटतो. फरक एवढाच की मॅम टॉरच्या खाली कोणाचं घर नव्हतं, रस्ता होता, आणि रस्ता बंद करता येतो.

काका, तुम्ही एडेलहून मॅम निकला जाताय तर तो रस्ता वाटेत लागणार नाही, वरून दिसेल. वेळ असेल तर मुलाला गाडीने खालच्या बाजूला न्यायला सांगा, मोडलेल्या भागापर्यंत चालत जाता येतं. परत जाताना विनॅट्स पासमधून जा, चुनखडीच्या उभ्या कड्यांमधली अरुंद घळ आहे, आणि रस्ता बंद झाल्यापासून गाड्या याच घळीतून चढतात. इकडे मॅम टॉर तपकिरी-काळपट आणि समोर विनॅट्स पांढरट राखाडी, दोन वेगळे दगड हाकेच्या अंतरावर. काकूंनाही फरक लगेच कळेल.

---

मुलुंडचा_भटक्या

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय, खरंच आभार. सगळं बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. नकाशा मुलाला मागवायला सांगितला. आमसूल ताई, तुमच्या सासूबाईंचे हात वाचून हिने लगेच हातमोज्यांची यादी केली.

एक शंका हिचीच आहे. "शेतांमधून वर चढायचं" असं लिहिलंय, तर ते शेत कोणाचं तरी असेल ना? आपण असं कोणाच्या शेतात शिरायचं, तो काही बोलणार नाही का? तिचं माहेर संगमेश्वरकडचं, तिकडे बांधावरून दोन भावांत पिढ्यान् पिढ्या बोलणं नसतं, त्यामुळे तिला हे पटतच नाहीये.

---

गिरगावची_वकील

काकूंचा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि मला तो फार आवडला. मी दिवाणी बाजू बघते, त्यात वहिवाटीच्या केसेस पुष्कळ, म्हणून तिकडे गेले तेव्हा डोंगरापेक्षा मी या वाटाच बघत होते.

शेत शेतकऱ्याचंच असतं. त्यातून जाणारी वाट मात्र सगळ्यांची. त्याला पब्लिक फुटपाथ म्हणतात आणि तो आपल्या रस्त्याकडेच्या फुटपाथसारखा नाही, ती खरं तर वहिवाट आहे, पण शेजाऱ्यापुरती नाही, कोणाचीही. १९४९च्या कायद्याने कौन्सिलांना अशा सगळ्या वाटांचे नकाशे करायला लावले आणि नकाशावर वाट आहे म्हणजे ती आहे, शेतकरी बदलला, जमीन विकली, तरी वाट तशीच राहते. लोक वीस वर्षं बिनविरोध एखाद्या वाटेने गेले तर ती सार्वजनिक वाट मानली जाते, १९८०च्या हायवेज ॲक्टमध्ये कलम ३१ आहे त्यासाठी. शेतकऱ्याने वाटेवर नांगर घातला तर पहिल्या नांगरणीनंतर १४ दिवसांत वाट पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते, शेताच्या मधून जाणारी असेल तर निदान एक मीटर रुंद. गव्हाच्या उभ्या पिकातून एक सरळ पट्टी मोकळी ठेवलेली मी स्वतः बघितलीय, दोन्हीकडे कमरेएवढा गहू आणि मध्ये माणूस जाईल एवढी वाट. मी तिथे उभी राहिले आणि मला आमच्या अशिलांचे चेहरे आठवले.

कारण आपल्याकडे पण हक्क आहे. १८८२च्या ईझमेंट्स ॲक्टमध्ये वीसच वर्षं आहेत, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे बांधावरून जाण्यासाठी, १९०६चा मामलेदार कोर्ट ॲक्ट आहे वाट अडवली तर. पण हे सगळं ज्याचं शेत पलीकडे आहे किंवा ज्याचं काही जाणं-येणं आहे त्याच्यासाठी. नुसतं चालायला आलेल्या माणसाला त्यात जागा नाही. आणि तारीख पे तारीख करत त्या शेतकऱ्याचे दोन हंगाम निघून जातात ते वेगळंच.

तिकडेही हे कोणी आपणहून दिलेलं नाही. एडेलच्या उत्तरेला जो किंडर स्काउट दिसेल ना, तिथे सगळी माळरानं जमीनदारांनी शिकारीसाठी बंद करून ठेवली होती. २४ एप्रिल १९३२ला गिरण्या-कारखान्यांतली तरुण पोरं, चारेकशे, जाहीर करून त्या बंद माळावर चढली. पाच जणांना तुरुंगवास झाला. मॅम टॉरवरून समोर जे लांबलचक सपाट पठार दिसतं ते हेच. पुढे १९५१मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं नॅशनल पार्क झालं, आणि डोंगर-माळावर वाट सोडूनही मोकळं हिंडायचा हक्क मिळायला २०००चा कायदा यावा लागला. मी गिरणगावातली आहे, माझे आजोबा गिरणीत होते, त्यामुळे गिरणीतल्या पोरांना रविवारची मोकळी हवा का हवी होती हे मला कोणी समजवायला नको.

तर काकूंना सांगा, वाटेची खूण म्हणून पिवळा बाण लावलेला असतो, त्याच्या मागे निर्धास्त जा. निळा बाण असेल तर घोडे आणि सायकलीही येऊ शकतात, बाजूला व्हायचं. बाकी नियम संगमेश्वरचेच. फाटक जसं असेल तसं ठेवायचं, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. कोकणात वाडीला बेडं असतं ना गुरं शिरू नयेत म्हणून, तशीच फाटकं आहेत, काही ठिकाणी माणूस वळून जाईल पण गाय अडकेल अशी. गडगेही आपल्यासारखेच, मातीचुना न लावता नुसते दगडावर दगड रचलेले, त्यावर चढायचं नाही. मे महिन्यात कोकरं लहान असतात, गायींबरोबर वासरं असतील तर गाय आणि वासराच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला. वळसा घेताना वाट सुटली तरी चालेल.

---

ठाण्याची_सुगरण

खाण्याचं कोणी लिहिलंच नाही! वाटेत काही मिळत नाही असं धरूनच चला. थेपले, गुळपोळी, शेंगदाण्याचा लाडू असं वाऱ्यात एका हाताने खाता येईल ते न्या, डबा उघडून पोळीभाजी खात बसायला गेलात तर सगळं गार होतं आणि नॅपकिन उडून जातो. थर्मासमध्ये चहा घट्ट आल्याचा, साखर थोडी जास्त. पाणी थंडीत पिववत नाही पण घोट घोट प्या, काकूंचे पाय वळणार नाहीत.

---

मुलुंडचा_भटक्या

मंडळी, जाऊन आलो! काल गेलो, बुधवार होता. आज सकाळी उठल्यावर पहिलं हे लिहायला घेतलं.

स्लो गाडीने एडेलला पावणेअकराला उतरलो. गाडीतले बरेचजण पाठीवर मोठ्या सॅका घेऊन किंडरच्या बाजूला गेले, आम्ही दोघंच इकडे. पहिल्या फाटकापाशी ही थांबली. पिवळा बाण होता, तिने तो हाताने चाचपून बघितला, मग फाटक उघडून आत गेली आणि मी आलो की स्वतः कडी लावली. पुढची सगळी फाटकं तिनेच लावली, मला एकालाही हात लावू दिला नाही. शेतात मेंढ्या होत्या, कोकरांच्या पाठीवर निळ्या रंगाने आकडे टाकलेले, आईचा आणि कोकराचा आकडा एकच. ते आधी तिच्याच लक्षात आलं, मला पस्तीस वर्षं डोंगर हिंडूनही असं काही दिसलं नसतं.

शेवटच्या उभ्या चढावर दम लागला. परळच्या दादांनी सांगितलं तसं दहा पावलं आणि थांबा. एका थांब्याला वरून सारखा एक पक्षी गात होता, दिसेना, मान वर करकरून शोधला तर आभाळात एवढासा ठिपका, एका जागी पंख फडफडत तरंगतोय आणि गातोय. आपल्या चंडोलासारखा. ती म्हणाली लहानपणी शेतावर हा ऐकला होता, लग्नानंतर मुंबईत कधी ऐकला नाही. मी काहीच बोललो नाही.

हॉलिन्स क्रॉसला वारा असा की बोलणं ऐकू येईना. चौथऱ्याच्या आडोशाला बसून चहा आणि थेपले. एक आजोबा आले, ७५-८०चे असतील, कुत्रा घेऊन, त्यांनी हिच्या पोलकडे बघितलं आणि उंची चुकीची आहे असं खुणेने सांगून स्वतः वाकून दोन्ही पोल नीट करून दिले. कोपर काटकोनात आलं पाहिजे म्हणे. त्यानंतर तिचं चालणंच सुधारलं.

माथ्यावर पोचायला खालपासून दोन तास पन्नास मिनिटं लागली. तो सिमेंटचा खांब आहे त्याला तिने पाठ टेकली आणि हात जोडून नमस्कार केला, कळसूबाईच्या देवळात मी करतो तसा, मी घरी सांगायचो ना तेव्हाचं तिच्या लक्षात होतं. तटबंदी दाखवली. थरथरता कडा लांबूनच बघितला, खालचा तुटलेला रस्ता स्पष्ट दिसला, सरांचे डांबराचे थर बघायला जमलं नाही कारण तेवढ्यात पाऊस आला. तिरपा, गार, दहा मिनिटं. जॅकेटं कामी आली, पोंचो घरी ठेवला ते बरं झालं. समोर किंडरचं पठार दिसत होतं, तिला १९३२ची पोरं सांगितली, ती बराच वेळ तिकडे बघत राहिली.

मॅम निकला उतरताना ती एकेक पायरी आडवी उतरली, पंचवीस मिनिटं लागली. सून गाडी घेऊन उभी होती. गुडघ्याला रात्री बर्फ लावला, आज सूज नाही. खाली ती तुम्हाला स्वतः काहीतरी लिहितेय, मराठी टायपिंग सुनेने लावून दिलंय.

---

मुलुंडचा_भटक्या

नमस्कार. मी यांची बायको. तुम्ही कोणी ओळखीचे नाही तरी माझ्या गुडघ्याचा एवढा विचार केलात, गिरगावच्या ताईंनी फाटकाचं सांगितलं म्हणून मला शेतात शिरताना धीर आला. यांनी एक लिहिलं नाही ते मी लिहिते, वर गेल्यावर हे रडले. आमसूल ताई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, मी हातमोजे दोन जोड नेले होते, दुसरा जोड त्या आजोबांना दिला, त्यांचे ओले होते.

आता माझा एक प्रश्न आहे. दिवाळीनंतर कळसूबाईला जायचं म्हणते. हे म्हणतात बारी गावातून शिड्या आहेत. चढेन मी, पण उतरताना शिडीवर गुडघा किती वाकवावा लागतो? दोन पायऱ्यांत अंतर किती आहे ते कोणी मोजलंय का? आणि पोल शिडीवर कुठे ठेवायचे?